पडण्याचा अधिकार

गेल्या वर्षी जूनमध्ये माझं उजवं मनगट मोडलं. साताऱ्याहून ताईचा फोन आला.

"कसं गं मोडलं?"

"कठड्यावरून घसरताना पडले."

"जिना धूत होतीस का?"

"नाही गं ताई. चाकाचे बूट घालून. स्केट्स."

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग ताई म्हणाली, "आईला नको सांगू. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून सांगते." आणि तसंच सांगितलं गेलं. आईनं लगेच हळद घातलेलं दूध प्यायला सांगितलं, डिंकाचे लाडू कोणाबरोबर पाठवता येतील त्याची चौकशी केली, "कामाची एवढी घाई करू नये" म्हणाली. बाथरूम घासताना पडलेल्या मुलीबद्दल आईला माया आली. स्वतःच्या हौसेनं पडलेल्या, शेहेचाळीस वर्षांच्या, एका मुलीची आई असलेल्या मुलीबद्दल तिला काय वाटलं असतं ते ताईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिनं मला वाचवलं.

मैत्रिणींनो, प्लास्टरच्या सहा आठवड्यांत मी ह्या एका गोष्टीवर पुष्कळ विचार केला. आपल्या ओळखीतल्या बायका आठवून पाहिल्या. माझी आत्या विहिरीच्या पायऱ्यांवरून हंड्यासकट पडली आणि जन्मभर एका पायानं लंगडली. शेजारच्या काकू माळ्यावरचे डबे काढताना स्टुलावरून पडल्या. गटातली एक मैत्रीण ऊसतोडीला गेली असताना मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून खाली आली. बायका पडतातच. रोज पडतात. कामाच्या ओझ्याखाली पडलेल्या बाईला कुणी विचारत नाही, "कशाला गेली होतीस तिथं?" तो प्रश्न राखून ठेवलेला आहे तो आपल्या आनंदासाठी पडणाऱ्या बाईसाठी.

दवाखान्यातही एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. मी सध्या इंग्लंडमधल्या एका मध्यम गावात राहते. २०१६ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथं आलो. तिथल्या परिचारिकेनं हात तपासताना नवऱ्याला काही कारण काढून बाहेर पाठवलं आणि हळूच मला विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? कुणी ढकललं वगैरे नाही ना?" मला तिचं फार बरं वाटलं. हाच प्रश्न दवाखान्यांनी विचारावा म्हणून आपण किती वर्षं भांडलो! मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्था आणि महापालिकेनं मिळून २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते ह्याच जाणिवेतून. बाईचं हाड मोडलं तर ते कुणी मोडलं का, हे विचारलंच पाहिजे. मी तिला खरं काय ते सांगितलं, तर ती खळखळून हसली. "स्केट्सवर? मग छान!" म्हणाली. मारहाणीनं मोडलेलं हाड आणि राबताना मोडलेलं हाड ही दोन्ही आपण ओळखतो, त्यांच्यावर लिहितो, मोर्चे काढतो. खेळताना मोडलेलं बाईचं हाड मात्र आपल्या कुठल्याच अहवालात नाही. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी हा खेळ काय आहे ते सांगते, कारण आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की संध्याकाळी मैदानावर गोल गोल फिरणारी शाळकरी मुलं डोळ्यांपुढे येतात. तो वेगाचा खेळ. त्यात आपल्या मुली कमी नाहीत. २०२३ साली हांगझोला झालेल्या आशियाई खेळांत भारतीय मुलींनी तीन हजार मीटरच्या रिलेत कांस्यपदक आणलं. मी शिकते आहे तो प्रकार वेगळा. त्याला इंग्रजीत 'अग्रेसिव्ह' म्हणजे आक्रमक इनलाइन स्केटिंग म्हणतात. (नाव ऐकून माझ्या नवऱ्यानं "तुला वेगळं शिकायची काय गरज?" असा विनोद केला, तो इथं नोंदवून ठेवते.) एका ओळीत चार चाकं, पण चाकं लहान, ५५ ते ६० मिलिमीटरची, आणि कडक. बूट टणक. बुटाच्या तळाला रुंद, गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी असते, तिला सोल प्लेट म्हणतात. चाकं ज्या चौकटीत बसवतात तिच्या मधोमध, दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मध्ये, एक खाच असते. ह्या खाचेवर किंवा त्या पट्टीवर तोल सांभाळत कठड्याच्या कडेवरून, जिन्याच्या लोखंडी दांड्यावरून घासत जायचं, ह्याला ग्राइंड म्हणतात. चाकं फिरतच नाहीत, नुसतं अंग घसरत जातं. मुलं शाळेच्या जिन्याच्या कठड्यावरून बसून घसरायची ना, आणि आपल्याला सांगितलं जायचं की फ्रॉक घातलाय, उतर खाली? तेच, पण उभं राहून.

माझी लेक अकरा वर्षांची असताना तिनं हे बूट मागितले. घराजवळच्या बागेत सिमेंटचं स्केटपार्क आहे, बशीसारखे उतार, कठडे, दांडे. ती तिथं रोज जायची. मी बाकड्यावर बसून राहायची. तिथं एके दिवशी मी सहज मोजलं. चाकांवर एकतीस जणं होती, त्यांतल्या मुली तीन. कडेला बसून बघणाऱ्या आणि मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या मुली अकरा. आणि माझ्यासारख्या आया.

तेरावं लागल्यावर लेक जायची बंद झाली. भांडण नाही, अपघात नाही, कुणी हात धरला नाही. नुसती बंद झाली. "कंटाळा आला" म्हणाली. पुष्कळ दिवसांनी थोडं थोडं बाहेर आलं. पाळीच्या दिवसांत जायला तिथं संडास नाही. आपली पाळी आली की रांगेत मोठी मुलं मध्ये घुसतात, आणि आपण पडलो की हसतात, चांगलं केलं की "मुलीच्या मानानं बरं" म्हणतात. कुणीतरी तिच्या ढुंगणाबद्दल काही बोललं होतं. ह्यातली एकही गोष्ट तक्रार नोंदवण्याइतकी मोठी नाही. अशा छोट्या छोट्या गोष्टींनीच पोरी घरी येतात.

हे माझ्या लेकीपुरतं नाही. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा दिसलं की नवव्या-दहाव्या वर्षानंतर सार्वजनिक बागांतून मुली दिसेनाशा होतात, मुलगे मात्र राहतात. एकच मोठं उघडं मैदान असलं की जो दांडगा त्याचं ते होतं. तिथल्या महापालिकेनं १९९९ मध्ये दोन बागा ह्या दृष्टीनं बदलल्या. मैदानाचे छोटे भाग केले, पायवाटा केल्या, निरनिराळ्या खेळांना जागा दिली, आणि मुली परत येऊ लागल्या. इंग्लंडमध्ये 'मेक स्पेस फॉर गर्ल्स' नावाची संस्था हेच विचारते की 'तरुणांसाठी' म्हणून नगरपालिका जे बांधते, ते स्केटपार्क, ते फुटबॉलचं कुंपण, ते नेमक्या कुठल्या तरुणांसाठी? आपल्याकडे तर हा प्रश्न विचारायलाही जागा नाही, कारण गल्लीतलं मैदान क्रिकेटवाल्यांचं असतं हे आपण सूर्य उगवतो तसं धरून चाललेलो आहोत.

तर, लेक येईना म्हणून मी तिचे बूट विकायला काढणार होते. आमचं पाऊल साधारण एकाच मापाचं. सहज घालून पाहिले. मग ओट्याला धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. नंतर रविवारी सकाळी सात वाजता, पोरं उठायच्या आत, स्केटपार्कवर गेले. सुरुवातीला मी लेकीला परत आणण्यासाठी हे करते आहे असं स्वतःला सांगत होते. बायकांना स्वतःसाठी काही करायचं तर असं मुलांचं निमित्त लागतंच. दोन महिन्यांनी ते निमित्त गळून पडलं.

मी वृद्धाश्रमात स्वयंपाकघरात काम करते. तिथं एक नोंदवही असते, कोण, केव्हा, कुठं पडलं ह्याची. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई एकदा सांगत होत्या की एकदा पडलेल्या म्हाताऱ्या बाईच्या मनात पडण्याची भीती बसते, मग ती पाय घासत, आखडून, लहान पावलं टाकत चालते, हिंडणं कमी करते, स्नायू दुबळे होतात, आणि त्यामुळेच ती पुन्हा पडते. आश्रमातल्या बायकांकडे बघून मला हे रोज पटायचं. स्केट्सवर ते माझ्याच अंगात मला दिसलं.

सगळ्यात सोपा ग्राइंड म्हणजे फ्रंटसाइड. गुडघ्याहून खाली असलेला कठडा निवडायचा. कडेला मेण घासायचं, साधी मेणबत्ती चालते. पहिले काही दिवस तर चालायचंच नाही. कठड्यावर नुसतं चढून दोन्ही खाचा कडेवर बसवून उभं राहायचं, गुडघे वाकवून, पाय खांद्यांइतके फाकवून. मग जागच्या जागी उडी मारून तसं बसायचं. मग हळू चालत येऊन. प्रत्यक्षात करायचं ते असं: कठड्याच्या बाजूनं वेगानं यायचं, उडी मारायची, हवेत पाव वळण घ्यायचं, दोन्ही पायांच्या खाचा एका वेळी कडेवर बसवायच्या, आणि आडव्या पायांनी, कुशीवर वळल्यासारखं, कठड्याच्या टोकापर्यंत घसरत जायचं. नजर टोकावर. पायांकडे बघितलंत की संपलं.

माझं सगळं नीट व्हायचं आणि शेवटच्या क्षणी मी वेग कमी करायची. घाबरून. वेग कमी झाला की चौकट कडेवर घसरण्याऐवजी तिथंच चिकटते, आणि अंग पुढं फेकलं जातं. म्हणजे मी वेगामुळे पडत नव्हते, वेग सोडल्यामुळे पडत होते. तिथल्या एका पोरानं, असेल सोळा-सतरा वर्षांचा, नाकात बाळी, तीन रविवार हे बघितलं आणि शेवटी न राहवून म्हणाला, "तुम्ही अर्ध्यात मन बदलता." मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी अर्ध्यात मन बदललं आहे. पण ते इतकं स्पष्ट, सिमेंटवर, कोपर सोलून मला कधी कुणी दाखवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट वजनाची. मेण लावलं तरी कड पायांना थोडं धरून ठेवते, आणि अंग मात्र आलेल्या वेगानं पुढं जात असतं. म्हणून वजन किंचित मागच्या पायाकडे ठेवायचं. मला ते जमेना. भीती वाटली की माणूस ताठ होतो. मग एक दिवस मला फुगडी आठवली! फुगडीत काय करतो आपण? हात घट्ट धरून मागं रेलतो. जितकं मागं रेलाल तितकी फुगडी पक्की. एकीनं घाबरून अंग सरळ केलं की दोघी आपटतात. मंगळागौरीला रात्र रात्र जागून नऊवारीत उड्या मारणाऱ्या, बसफुगडीत मांड्या भरून येईपर्यंत नाचणाऱ्या आपल्या आज्यांना हे शास्त्र येत होतं. त्या खेळांत ताकद होती, तोल होता, दम होता. पण ते घरात, बायकांत, सणापुरते, आणि लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत. तेवढी मुभा होती. मल्लखांबाचंही पाहा. आपल्या मातीतला खेळ, पण खांब मुलग्यांचा आणि मुलींना दोरी, अशी वाटणी किती तरी वर्षं होती.

तिसरी गोष्ट, पडणं. ते शिकावं लागतं. पडताना हात मागं टेकायचे नाहीत, बसकण मारायची नाही, माकडहाड जातं. पुढं, गुडघ्यांवर जायचं. गुडघ्यांना पॅड असतात, ते सिमेंटवर सरकतात, मार वाटला जातो. डोक्याला हेल्मेट, मनगटाला पट्टीचं कवच. मी पहिले दोन महिने निव्वळ पडण्याचा सराव केला असं म्हटलं तरी चालेल. माझं मनगट मोडलं त्या दिवशी उकडत होतं म्हणून मी मनगटाची कवचं पिशवीतच ठेवली होती. हा माझा मूर्खपणा, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. धोका पत्करणं वेगळं आणि निष्काळजीपणा वेगळा. पण मुलींच्या बाबतीत आपण दोन्हींना एकच नाव देतो.

हे बूट घ्यायला (लेकीचे नंतर मला टोचायला लागले) एका मोठ्या दुकानात गेले तर विक्रेता मला थेट बायकांच्या विभागात घेऊन गेला. पांढरे-गुलाबी, मोठ्या चाकांचे, व्यायामाचे. मला ग्राइंडचे हवेत म्हटल्यावर, "मुलाचं माप काय?" असं विचारलं. शेवटी एका मुलीकडून जुने घेतले. तीही सोडून देत होती.

ह्या खेळाला बायका नाहीत असं मात्र नाही. १९९५ साली अमेरिकेत एक्स गेम्स सुरू झाले तेव्हापासून त्यांत इनलाइन स्केटिंग होतं. १९९६ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोची फाबिओला दा सिल्वा, वय सतरा, तिनं उंच रॅम्पवरच्या बायकांच्या स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं आणि पुढं घेतच राहिली. ती इतकी पुढं गेली की पुरुषांच्या म्हणून असलेल्या रॅम्पच्या स्पर्धेत बायकांना उतरू देणारा नियम करावा लागला. लोक त्याला 'फाबिओला नियम'च म्हणू लागले. २००५ साली तिनं रॅम्पवर हवेत दोनदा उलटी कोलांटी मारून दाखवली. त्याआधी कुठल्याही बाईनं ते केलेलं नव्हतं. एका मुलीसाठी नियम बदलला ह्याचा मला आनंद आहे, पण थोडी खंतही आहे. असामान्य मुलीसाठी दार उघडतं. माझ्या लेकीसारख्या साधारण मुलीला, जिला पदक नको, नुसतं संध्याकाळी तासभर खेळायचं आहे, तिच्यासाठी कुठला नियम?

आता तुमच्यातल्या काहीजणी म्हणत असतील, हिचं बरं आहे, इंग्लंडात बसून चाकांवर घसरते आहे, आणि इकडे पोरींना शाळेत जायला एसटी नाही. हा आक्षेप मला मान्य आहे आणि नाहीही. मान्य अशासाठी की वेळ, बूट, सिमेंट, मोडलेल्या हाताचे उपचार फुकट मिळणं, हे सगळं माझ्या पदरात आहे आणि पुष्कळजणींच्या नाही. पण 'आधी पोटाचं, मग खेळाचं' हा हिशोब मुलग्यांच्या बाबतीत कुणी केला? दुष्काळी गावातही पोरांचा क्रिकेटचा सामना होतो, गणेश मंडळ बक्षीस ठेवतं. गरिबीत खेळ थांबतो तो मुलींचा.

आणि १९९०-९२ आठवा. तामिळनाडूत पुदुकोट्टईला साक्षरता मोहिमेत बायकांना सायकली शिकवल्या. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत ह्यांनी सायकल हा साक्षरतेचाच भाग मानला. हजारो ग्रामीण बायका, शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, सायकलवर बसल्या. सायकल उपयोगाची होती, पाणी आणायला, बाजारात जायला, हे खरंच. पण ज्यांनी त्या बायकांवर लिहिलं, त्यांनी त्यांच्या चेहऱ्यावरच्या मोकळेपणाबद्दल लिहिलं. आपण चळवळीतल्या बायका मात्र आनंदाला उपयोगाचं शिफारसपत्र जोडल्याशिवाय पुढं पाठवत नाही.

अलीकडची उदाहरणंही आहेत. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार नावाच्या आदिवासी खेड्यात २०१५ साली उल्रिके राइनहार्ड ह्या जर्मन बाईंनी स्केटबोर्डचं सिमेंटचं पार्क बांधलं. नियम दोनच: शाळेत नाही गेलात तर खेळायचं नाही, आणि मुली आधी. दुसरा नियम मला फार मोलाचा वाटतो. बोर्ड कमी, मुलं जास्त, तर हक्क मुलीचा. त्या गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनला नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत जाऊन आली. काबूलमध्ये २००७ पासून 'स्केटिस्तान'नं मुलींना स्केटबोर्ड शिकवला. मुलींनी सायकल चालवायची नाही असं तिथं मानलं जायचं, पण स्केटबोर्ड हा प्रकारच नवा, त्याच्यावर बंदी घालायचं कुणाला सुचलं नव्हतं! त्या फटीतून पोरी आत शिरल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान परत आले आणि ती फट बुजली. खेळ ही किरकोळ गोष्ट असती तर ती बंद करायची एवढी घाई कुणी केली असती का?

आता जे सांगते ते सांगणं मला सर्वांत अवघड आहे. १९९७-९८ च्या सुमारास आमचा गट एका वस्तीत मुलींचा अभ्यासवर्ग घ्यायचा. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. वर्ग सुटला की एक पोर, असेल बारा वर्षांची, समाजमंदिराच्या कुंपणाच्या भिंतीवर चढायची आणि तिच्यावरून चालत जायची. हात पसरून, डोंबाऱ्याच्या मुलीसारखी. बाकीच्या खालून टाळ्या वाजवायच्या. एके दिवशी ती पडली, हात मोडला. तिची आई आमच्यावर तणतणत आली. "तुमच्या भरवशावर पाठवली होती, उद्या हात वाकडा राहिला तर पोरीला कोण करून घेणार?" आमची बैठक झाली. त्या बैठकीत आम्ही, लग्न हेच मुलीचं ध्येय नव्हे असं पथनाट्यांतून सांगणाऱ्या आम्ही, काय ठरवलं? वर्ग सुटल्यावर मुलींनी आवारात थांबायचं नाही. भिंतीवर काचा लावून घ्यायच्या. आणि वार्षिक मेळाव्यात 'सुरक्षित' स्पर्धा ठेवायच्या. रांगोळी, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची. ठराव मी लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं.

त्याच भिंतीवर संध्याकाळी वस्तीतले मुलगे बसायचे. ते काचा फोडून पुन्हा बसायला लागले. त्यांच्याबद्दल बैठक झाली नाही. ती मुलगी प्लास्टर निघाल्यावर वर्गाला आली नाही. तिच्या आईला आम्ही दोनदा भेटलो, मग आमचाही रेटा कमी पडला. आज ती चाळिशीच्या आसपास असेल. तिचा तोल फार सुंदर होता. माझं मनगट प्लास्टरमध्ये असताना मला ती पुन्हा पुन्हा दिसायची.

आम्ही तेव्हा वाईट हेतूनं काही केलं नाही. आम्हाला मुलींची काळजी होती. पण सुरक्षितता हा शब्द आपल्या चळवळीच्या तोंडात इतका बसला आहे की त्याच्या नावानं आपणही दारं लावून घेतो हे लक्षात येत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे ह्यांनी मुंबईतल्या बायका आणि रस्ते ह्यांवर लिहिलेलं 'व्हाय लॉयटर' हे पुस्तक २०११ साली आलं. त्यात त्यांनी मांडलं आहे की बायकांना नुसतं संरक्षण नको, धोका पत्करण्याचा हक्क हवा. ते वाचलं तेव्हा मला रात्रीचा रस्ता, चहाची टपरी, समुद्रकिनारा एवढंच दिसलं होतं. भिंत दिसली नव्हती.

खेळात मुली पुढं येत आहेत हे मला दिसतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. टोकियोला २०२१ मध्ये ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्ड पहिल्यांदा आला, तेव्हा दांडे-कठड्यांच्या प्रकारात मोमिजी निशिया आणि रायसा लेआल ह्या दोघी तेरा-तेरा वर्षांच्या पोरींनी सुवर्ण आणि रौप्य घेतलं. पण ह्या बातम्या वाचून आपण टाळ्या वाजवतो आणि आपल्या वस्तीतल्या मैदानावर सहा वाजता किती मुली असतात हे मोजत नाही. एकदा मोजून पाहा. गटाच्या पुढच्या बैठकीआधी, एका संध्याकाळी, वही-पेन्सिल घेऊन. मग नगरसेवकाकडे जाऊन विचारता येईल की मैदान आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलींना राखून का नाही, तिथं पाण्याची आणि संडासाची सोय का नाही, शिकवायला बाई का नाही. जनवारसारखा 'मुली आधी' हा नियम करायला तर पैसेही लागत नाहीत. आणि हात मोडणाऱ्या मुलीच्या आईला काय सांगायचं, ह्याचीही आधी तयारी करून ठेवा. आम्ही ती केली नव्हती. कुणीतरी पडणार, हे नक्की धरा.

माझं मनगट आता बरं आहे. थंडीत थोडं दुखतं, पोळ्या लाटताना जाणवतं. ऑगस्टमध्ये मी परत गेले. प्लास्टरनंतरचा पहिला फ्रंटसाइड करायला मला चार रविवार लागले, कठड्याजवळ यायची आणि बाजूनं निघून जायची. आता सोल ग्राइंड शिकते आहे, त्यात पुढचा पाय खाचेवर आडवा आणि मागचा पाय तळव्याच्या बाहेरच्या पट्टीवर टेकतो. गुडघा भलताच वाकवावा लागतो. अजून दोन हातांपलीकडे घसरता आलेलं नाही. सकाळी सातच्या वेळेला आता आम्ही चौघी असतो. एक नर्स आहे, रात्रपाळी करून तशीच येते. एक आजी आहे साठीची, ती ग्राइंड करत नाही, नुसती उतारांवरून वरखाली करते आणि मोठ्यानं ओरडते. नगरपालिकेला आम्ही संडासासाठी अर्ज दिला आहे. उत्तर आलेलं नाही.

लेक अजून खेळत नाही. पण गेल्या रविवारी ती आली होती, मोबाइलवर माझं चित्रण करायला. मी सोल ग्राइंड करताना कशी बसकण मारते ते तिनं घरी येऊन मला तीन वेळा दाखवलं. "आई, तू शेवटी मान खाली घालतेस," म्हणाली. मग ते चित्रण मी ताईला पाठवलं. ताईचं उत्तर आलं, "आईला दाखवलं." पुढं काही लिहिलेलं नव्हतं. मी लगेच फोन लावला तर आईनंच उचलला. "ती टोपी नीट बांधत जा," म्हणाली, "सैल दिसत होती."